सर्वपक्षीय पेटी आणि मंजुळाबाईंची अंडी

एका जंगलात वीज आली.

थांबा, बाळांनो, थांबा. तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. वीज तर प्रत्येक जंगलात येते. कडाडते, एखादं झाड उभं चिरते आणि निघून जाते. ही तसली नव्हे. ही तारेतून आली, आणि राहायलाच आली.

वीज आल्याबरोबर जंगलाला नाही नाही ते हवंसं वाटू लागलं. वटवाघळांनी पंखा मागितला. वाऱ्यासाठी नव्हे, लटकायला. काजव्यांनी निषेधसभा घेतली. आणि राजा दमाजीराव सिंहाने आयाळ वाळवायचं यंत्र आणवलं. नदीवरून अंघोळ करून आला की त्याची आयाळ भिजलेल्या केरसुणीसारखी दिसायची. यंत्राखाली बसला की तिचा असा फुलोरा व्हायचा, की राणीसुद्धा मान वळवून पुन्हा बघायची.

पण सगळ्यांत मोठं मागणं घेऊन आल्या मंजुळाबाई.

मंजुळाबाई म्हणजे लांडोर. नाव मंजुळा, आणि आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरचा झोपलेला कोल्हा उडून उभा राहावा.

"महाराज," त्या दरबारात म्हणाल्या, "आमचे हे पिसारा फुलवून नाचतात. सगळे बघतात, वा वा करतात. मी काय करते? बसते. महिनाभर अंड्यांवर बसते. पाऊस आला, बसते. ऊन आलं, बसते. पायाला मुंग्या येतात, आणि त्या खाव्यात म्हटलं तर त्या खऱ्या मुंग्याही नसतात."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"उबवणीघर हवं. आत दिवे लावायचे. दिव्यांची ऊब अंड्यांना, आणि सुट्टी आम्हाला."

मागे तितरीण, लाव्ही, रानकोंबडी अशा सगळ्या आया उभ्या होत्या. त्यांनी पंखांचा असा कडकडाट केला की राजाला तो टाळ्यांसारखा ऐकू आला. टाळ्या ऐकल्या की दमाजीराव काहीही मंजूर करायचा.

"मंजूर!" तो म्हणाला. "माझ्या शेजारची मोकळी गुहा घ्या. आणि माझं आयाळीचं यंत्रही तिथूनच जोडा."

वायरमन म्हणून बोलावलं ठोकेमिस्त्रीला. ठोकेमिस्त्री म्हणजे सुतारपक्षी. खोडाला भोकं पाडणं हा त्याचा पिढीजात धंदा. वायरिंग तो नव्याने शिकला होता, आणि चांगलं शिकला होता. दोष एकच. "जमणार नाही" हे शब्द त्याच्या चोचीतून कधी बाहेर पडले नव्हते.

त्याने दरबारात एक पेटी मांडली. "महाराज, सगळी वीज या पेटीत येणार आणि इथून वाटली जाणार. आत ही तांब्याची पट्टी. पट्टीवर ओळीने ब्रेकर बसतात. तारेतून गरजेपेक्षा जास्त वीज धावली की ब्रेकर आपणहून पडतो आणि वीज बंद करतो."

"आपणहून पडतो?" राजाने विचारलं.

"आपणहून."

"कुणी ढकलावं लागत नाही?"

"नाही, महाराज."

राजाने आपल्या मंत्र्यांच्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं. "फारच चांगली वस्तू आहे," तो म्हणाला.

आता पेटी होती कासवशेठच्या कारखान्यातली. कासवशेठ हा जंगलातला जुना माणूस. म्हणजे जुनं कासव. त्याचे ब्रेकर त्याच्यासारखेच : जड, सावकाश बनणारे, टणक. त्याच्या पेटीत त्याचे ब्रेकर बसणार, हे इतकं उघड होतं की कुणी त्याबद्दल बोललंसुद्धा नाही.

आणि मग सगळे एकदम बोलले.

"जंगल काय एकट्या कासवाचं आहे?" ससेराव ओरडला. त्याचाही ब्रेकरचा कारखाना होता. त्याचे ब्रेकर सडपातळ, चपळ; नुसतं दचकवलं तरी पडायचे. ससेरावाने तिथल्या तिथे उपोषण जाहीर केलं, आणि ससा उपाशी राहिला तर गाजरवाल्यांचं काय होईल या काळजीने गाजरवालेही त्याच्या बाजूने बसले.

"आमचा माल काय फेकायचा?" माकडभाई म्हणाला. त्याचे ब्रेकर गुबगुबीत आणि रंगीत होते. त्याने आपलं सगळं खानदान दरबाराच्या छताला शेपटीने टांगलं. वटवाघळांना वाटलं पाहुणे आले.

राजाला गोंधळ सोसत नसे. "शांत व्हा!" त्याने डरकाळी फोडली. "या जंगलात सगळे समान आहेत. एकाच पेटीत तिघांचेही ब्रेकर बसतील. सर्वपक्षीय पेटी! एकीचं प्रतीक!"

टाळ्या पडल्या. त्यातून कासवशेठने मान बाहेर काढली.

"महाराज, एक विनंती. पेटी माझी, पट्टी माझी, दोन्ही माझ्या ब्रेकरच्या मापाने केलेल्या. या दोघांचे ब्रेकर चांगलेच असतील. पण ते त्यांच्या पेटीत चांगले."

"ब्रेकर म्हणजे ब्रेकर," राजा म्हणाला. "त्यात तुझं-माझं काय?"

"पाठ म्हणजे पाठच, महाराज. पण माझं कवच माकडभाईंच्या पाठीवर बसेल का?"

"बसेल!" माकडभाई वरून ओरडला. "घासून बसवू!"

सगळे हसले. कासवशेठ खरं बोलत होता, बाळांनो. पण खरं बोलून त्याचाच माल खपणार होता, म्हणून ते कुणाला खरं वाटेना. त्याने अजून जोर लावायला हवा होता. पण फार ताणलं तर आपले ब्रेकरही जातील, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने मान आत घेतली. कासवाला ती सोय असते.

पेटीच्या झाकणाच्या आत ठळक अक्षरांत लिहिलं होतं : "या पेटीत याच कारखान्याचे ब्रेकर वापरावेत." राजाने ते वाचलं. "किती ही जाहिरात!" असं म्हणून त्याने त्यावर स्वतःचं चित्र चिकटवायला सांगितलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ठोकेमिस्त्री ब्रेकर बसवायला लागला. कासवशेठचे टक्कन बसले. ससेरावाचे बुटके निघाले. त्यांचं तोंड पट्टीपर्यंत नीट पोचेना. ठोकेमिस्त्रीने पट्टी थोडी वाकवली. मग माकडभाईचे बसेनात, ते जाड होते. त्याने चोचीने त्यांच्या कडा तासल्या. मग पट्टी पुन्हा सरळ केली, तर ससेरावाचे सुटले. मग पुन्हा वाकवली.

ब्रेकर हलवला तर किंचित हलत होता. ठोकेमिस्त्रीला ते दिसलं. त्याने डोकं एका बाजूला कलतं करून पेटीकडे पाहिलं. आता बोलावं, असं त्याला वाटलंही.

तेवढ्यात ढोल वाजला. राजा आला. मागे सगळं जंगल आलं. राजाने ठोकेमिस्त्रीच्या खांद्यावर शाल घातली. शाल हत्तीच्या मापाची होती. ठोकेमिस्त्री तिच्याखाली दिसेनासा झाला.

"बसले का सगळे?" राजाने शालीला विचारलं.

"बसले," शाल म्हणाली.

"घट्ट?"

शाल किंचित हलली. "बसलेत ना, महाराज."

झाकण काही लागेना. मग ते गुळवेलीने बांधलं आणि वर झेंडूचं फूल खोचलं. खटका ओढला. गुहेतले दिवे पिवळेधमक पेटले. शेजारच्या गुहेत राजाचं यंत्र घूंऽऽ करून सुरू झालं. जंगलाने असा जल्लोष केला की नदीतल्या मगरींनी वर येऊन विचारलं, कोण मेलं?

आयांनी आपापली अंडी दिव्यांखाली ठेवली. मंजुळाबाईंनी सगळ्यांत शेवटी ठेवली. ठेवून चार पावलं गेल्या, परत आल्या. परत गेल्या, परत आल्या.

"जा हो," तितरीण म्हणाली. "तुम्हीच मागितलंत ना?"

"मागितलं. पण पोटाखाली गार गार वाटतंय."

"ते स्वातंत्र्य," तितरीण म्हणाली.

आणि काय सांगू, बाळांनो, स्वातंत्र्य फार छान असतं! मंजुळाबाई पहिल्यांदा नदीच्या पलीकडे गेल्या. पलीकडेही अलीकडच्यासारखंच गवत होतं, पण त्यांना ते जास्त हिरवं वाटलं. मग त्यांना नाचायची हुक्की आली. त्यांना पिसारा नव्हता. नसेना! त्या नुसत्या शेपटीचा आखूड झुपका हलवत गोल गोल फिरल्या, तोल जाऊन करवंदीच्या जाळीत पडल्या, आणि उठून पुन्हा फिरल्या. त्यांचे हे फांदीवरून पाहत होते.

"पाऊल चुकतंय," हे म्हणाले.

"चुकू दे," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक चुकीचं पाऊल टाकलं.

आता इकडे पेटीला वास येऊ लागला.

काहीतरी भाजल्यासारखा वास. अस्वलाला वाटलं कुणीतरी मका भाजतंय. ते मीठ घेऊन येऊन बसलं. कावळ्यांना वाटलं श्राद्ध आहे. ते सहकुटुंब आले. राजाने नाक वर करून दीर्घ श्वास घेतला आणि जाहीर केलं, "हा प्रगतीचा वास आहे." त्या दिवसापासून सगळे सकाळी पेटीपाशी श्वास घ्यायला येऊ लागले.

मंजुळाबाईही अंडी बघायला आल्या तेव्हा त्यांच्या नाकाला तो झोंबला.

"मिस्त्री, हे काय?"

ठोकेमिस्त्रीने झाकणाला पाय लावला आणि झटकन मागे घेतला. "ब्रेकर पडलाय का एखादा?" तो म्हणाला.

"नाही," मंजुळाबाई झाकणाच्या फटीतून डोकावून म्हणाल्या. "सगळे उभे आहेत."

"मग झालं तर! काही बिघडलं असतं तर पडला नसता का?"

मंजुळाबाईंना हे पटलं. खरं तर त्यांना पटवून घ्यायचंच होतं. त्या दिवशी पलीकडे त्यांचा गिरकीचा सराव होता.

पुढे एका सकाळी झोंबरं वारं सुटलं. राजा अंघोळ करून यंत्राखाली बसला. आयाळीची डावी बाजू फुलून तयार झाली. त्याने मान वळवून उजवी बाजू पुढे केली.

फट्!

मग फट् फट् फट्. पेटीतून निळी जीभ बाहेर आली. गुळवेल पेटली, झेंडू पेटला, आतलं राजाचं चित्र मिशीपासून पेटत गेलं. गुहेतले दिवे विझले. अस्वल मीठ टाकून पळालं.

हत्ती सोंडेत पाणी भरून धावला. ठोकेमिस्त्री शालीतून ओरडला, "पाणी नको! विजेवर पाणी नको! माती टाक!" आणि तो स्वतः खांबाकडे झेपावला, तिथला मोठा खटका त्याने चोचीने खाली ओढला. हत्तीने सोंडेभर माती टाकली. आग विझली. पेटीच्या जागी एक काळं, वितळलेलं काहीतरी लोंबत राहिलं.

"माझी आयाळ!" राजा बाहेर आला. अर्धा सिंह, अर्धी केरसुणी. कुणी हसलं नाही. फक्त तरस हसला, पण तो नेहमीच हसतो.

"चौकशी!" राजा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता! ब्रेकर पडला का नाही?"

कासवशेठने आपला जळका ब्रेकर उचलून पाहिला. "महाराज, माझा ब्रेकर आतून ठणठणीत आहे."

ससेरावाने आपला कानाशी हलवून पाहिला. "माझाही."

माकडभाईने आपला चाटून पाहिला. "माझा तर फर्स्ट क्लास."

आणि गंमत म्हणजे, तिघेही खरं बोलत होते.

"मग आग लागली कशी?" राजाने विचारलं.

ठोकेमिस्त्री शालीतून बाहेर आला. "महाराज, तारेत वीज जास्त नव्हतीच. म्हणून कुणी पडला नाही. ब्रेकर आणि पट्टी यांच्यात फट होती. सैल जागेतून वीज गेली की ती जागा तापते. रोज थोडी थोडी तापत गेली."

"फट कुणाची?"

"कासवशेठच्या पट्टीत आणि ससेरावाच्या ब्रेकरमध्ये. दोघांच्या मधली."

"माझी नाही," कासवशेठ म्हणाला. "मी पट्टीपुरता."

"माझी नाही," ससेराव म्हणाला. "मी ब्रेकरपुरता."

"मी तर तिथे नव्हतोच," माकडभाई म्हणाला. "मी पलीकडच्या रांगेत. पण पट्टी वाकवली म्हणतात, ती कुणी?"

तिघे एकमेकांच्या अंगावर धावले. निदान दोघे धावले, कासवशेठ निघाला.

एवढ्यात आभाळ फाटल्यासारखा आवाज आला. मंजुळाबाई! नदीवरून उडत, धापा टाकत, पायात करवंदीची काटकी अडकलेली, त्या गुहेत शिरल्या. त्यांनी आपल्या अंड्याला गाल लावला. अंडं कोमट होतं. गरम नव्हतं, कोमट.

त्या बाहेर आल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "अंडी गार पडतायत," त्या म्हणाल्या.

"चौकशी चालू आहे, बाई," राजा म्हणाला. "आधी दोष कुणाचा ते ठरू दे."

"माझा!" मंजुळाबाई म्हणाल्या. "माझा म्हणा, दुसऱ्या कुणाचा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण महाराज, आत या आणि खाली बसा."

"कोण, मी?"

"एकट्या आया पुरणार नाहीत. अर्ध्या रानात पांगल्यात. तुमच्या अंगात ऊब आहे. बसा."

"मी राजा आहे."

"म्हणूनच. राजे बसलेलेच असतात!" आणि मग त्यांचा मूळचा आवाज परत आला. "बसाऽऽ!"

पलीकडच्या टेकडीवर कोल्हा उडून उभा राहिला. दमाजीराव सिंह खाली बसला.

तो मंजुळाबाईंच्याच अंड्यांवर बसला, अलगद, चारही पाय दुमडून, श्वाससुद्धा विचारून घेतल्यासारखा. मग सगळेच बसू लागले. अस्वल रानकोंबडीच्या अंड्यांवर, ससेराव लाव्हीच्या. माकडभाई बसला आणि जन्मात पहिल्यांदा न हलता बसला. त्याच्या आईने हे बघून आनंदाने डोळे पुसले. ठोकेमिस्त्री शाल घेऊन तितरिणीच्या अंड्यांवर बसला. साळिंदरही आलं, पण सगळ्यांनी त्याचे मनापासून आभार मानून त्याला बाहेर पाठवलं. हत्तीला सांगितलं, तू बसू नकोस बाबा, तू नुसता दारातून गरम श्वास सोड. आणि कासवशेठ थंड अंगाचा, त्याचा उबेला काही उपयोग नव्हता. तो दारात आडवा झाला आणि खालून शिरणारं वारं त्याने पाठीवर घेतलं.

चौकशी तिथेच पुढे चालली. बसल्या बसल्या. कुणालाही कुणाच्या अंगावर धावून जाता येईना, त्यामुळे ती फार सभ्यपणे झाली. वारं पडेपर्यंत चालली, मग पाळ्या लावून दिवसेंदिवस चालली. राजाची पाळी आली की तो म्हणायचा, "ऐका, मी हलू शकत नाही, तुम्हीच जरा जवळ येऊन भांडा."

निकाल असा लागला. कासवशेठची पेटी उत्तम. ससेरावाचे ब्रेकर उत्तम. माकडभाईचेही उत्तम. मिस्त्रीचं काम उत्तम. राजाचा विचार अत्युत्तम. दोष गुळवेलीचा. झाकण बांधण्याची जबाबदारी तिची होती, आणि आगीनंतर ती जागेवर सापडली नव्हती. म्हणजे फरार.

निकाल वाचून संपत आला, तेवढ्यात राजाच्या पोटाखाली टक् झालं.

"कोण ते?" राजा पुटपुटला. पुन्हा टक्. मग त्याच्या अजूनही अर्धवट फुललेल्या आयाळीतून एक ओलं, वाकडं, चिमुकलं डोकं बाहेर आलं. त्याने राजाकडे पाहिलं. राजाने त्याच्याकडे पाहिलं.

"चीं," पिल्लू म्हणालं.

"मंजुळाबाई," राजा म्हणाला, "हे मला काय म्हणतंय?"

मंजुळाबाई धावत आल्या. त्यांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "आई म्हणतंय, महाराज."

एकामागून एक सगळीच बाहेर आली. अंडी सगळी तरली. मंजुळाबाईंनी पिल्लांना पंखाखाली घेतलं. ती शहाण्यासारखी आत गेली, गरम झाली, आणि बाहेर येऊन राजाच्या मागे ओळीने चालू लागली. राजा नदीवर गेला की ती नदीवर. राजा डरकाळी फोडी, मग ती सगळी मिळून चीं करीत. शिकारीला जाणं अर्थातच अवघड झालं.

"तुमची पिल्लं घेऊन जा हो," राजाने एकदा काकुळतीला येऊन म्हटलं.

"संध्याकाळी नेते," मंजुळाबाई म्हणाल्या. "आत्ता सराव आहे."

पुढच्या हंगामाआधी नवी पेटी आली. तिघा कारखानदारांनी जुनं भांडण विसरून ती मिळून बनवली होती. पेटी कासवशेठची, पट्टी ससेरावाची, झाकण माकडभाईचं. दरबारात तिघांचा सत्कार झाला. प्रत्येकाला शाल मिळाली. भाषणांत एकीचं इतकं कौतुक झालं की ऐकणारे काळवीट हुंदके देऊ लागले.

ठोकेमिस्त्रीने पेटी भिंतीला लावली आणि राजाकडे पाहिलं. "चालू करू, महाराज?"

राजा उत्तर देणार होता. पण आयांची रांग अंडी घेऊन केव्हाच गुहेत शिरली होती. त्यांनी पेटीकडे पाहिलंही नाही. मंजुळाबाईंनी मधली, वाऱ्यापासून आडोशाची जागा पाय आपटून सपाट केली, आपली नवी अंडी तिथे मांडली आणि म्हणाल्या, "महाराज, या."

राजाने कुणाला दिसत नाही ना ते पाहिलं. सगळ्यांनाच दिसत होतं. तो गेला, चारही पाय दुमडले आणि बसला.

"पेटी राहू दे भिंतीवर," तो आतून म्हणाला. "छान दिसते. आणि दार लोटून घ्या, वारं येतंय."

तात्पर्य : एकीचं बळ फार मोठं असतं. एकट्याच्या चुकीने आग लागली तर शिक्षा होते. सगळ्यांच्या मिळून लागली तर सत्कार होतो.